बारा कोंबड्यांची हजेरी

सबंध भंडारा तालुक्यात चिंधूभाऊ गजभिये यांच्यासारखं कोंबड्यांचं खुराडं दुसऱ्या कुणाचं नव्हतं. हे मत अर्थात खुद्द चिंधूभाऊंचं होतं. पण ते त्यांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यांच्या शहापूर गावात ते आता सर्वमान्य झालं होतं. अस्सल सागवान, वर पत्रा, समोर तारेची जाळी आणि आत दोन ओळींत सहा-सहा असे बारा कप्पे. प्रत्येक कप्प्यावर पांढऱ्या रंगानं क्रमांक. कोंबड्या बारा, कप्पे बारा, आणि कोंबड्यासाठी वरच्या मजल्यावर स्वतंत्र दालन. कुणी पाहायला आलं की चिंधूभाऊ त्याला आधी पाच पावलं मागे नेऊन उभं करत. "एकदम जवळून नोका पाहू. आधी पूर्ण आकार ध्यानात घ्या."

चौतीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळलं होतं. कागद आला की नोंद, कागद गेला की नोंद. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद नोंदीशिवाय बाहेर गेला नाही, याचा त्यांना अभिमान होता आणि तो रास्तच होता. पंचाईत एवढीच झाली की निवृत्तीनंतर घरात आवक-जावक करण्यासारखं काही सापडेना. आठ दिवसांत त्यांची बायको सुमनबाई हिनं त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, पंधरा दिवसांत पाण्याच्या मोटरीजवळून हाकललं. उरलं मागचं आंगण आणि तिथल्या सुमनबाईंच्या कोंबड्या.

सुमनबाईंचा कोंबड्या पाळण्याचा प्रकार असा, की सकाळी मूठभर कणी फेकायची आणि संध्याकाळी मोजायच्या. मधल्या काळात कोंबडी कुठं जाते, काय खाते, हा तिचा प्रश्न. रात्री कुणी पेरूच्या झाडावर, कुणी लाकडांच्या ढिगावर, कुणी मोडक्या सायकलच्या दांडीवर. चिंधूभाऊंना हे बघवेना.

"हा का कारभार होय? कोन कुठं झोपते, कोन कुठं अंडं देते, कायचाच रेकॉर्ड नाही!"

"रेकॉर्ड नाही, पन अंडे हायेत ना," सुमनबाई म्हणाल्या.

आता या वाक्याला खरं तर उत्तर नव्हतं. पण कचेरीत जन्म काढलेला माणूस उत्तर नाही म्हणून थांबत नसतो. महिनाभर चिंधूभाऊंनी तोच विषय लावून धरला, तेव्हा सुमनबाईंनी कणीचं टोपलं त्यांच्यापुढं ठेवलं. "घ्या बाप्पा, तुमीच सांभाळा. पन एक ध्यानात ठेवा. या कोंबड्या माह्या हायेत."

लाकूड दिलं कारध्याच्या मुरारीनं. मुरारी वैनगंगेत मासे धरणारा, चिंधूभाऊंचा जुना दोस्त. त्याच्या घरामागचं सायवान, म्हणजे लाकडी छप्पर, पावसाळ्यात कोसळलं होतं. त्या सायवानाच्या आढ्यावर त्याच्या तीन पिढ्यांच्या कोंबड्या झोपल्या, असं मुरारी म्हणाला, तेव्हा चिंधूभाऊंना ते लाकडाचं प्रशस्तिपत्रच वाटलं. सुतार नको म्हणाले. स्वतः मापं घेतली, स्वतः खिळे ठोकले. कप्प्याला कप्पा जोडताना फटी राहिल्या, त्यांत लांबी, म्हणजे सुताराची पुट्टी, भरायची होती. पण लांबी संपली आणि उद्घाटनाची तारीख ठरून गेली होती.

हो, उद्घाटन. फीत सुमनबाईंनी कापली, तीसुद्धा विळीनं, कारण कात्री वेळेवर सापडली नाही. शेजारच्या बायाबाईंनी टाळ्या वाजवल्या. महामार्गावरच्या चहाटपरीवर दुसऱ्या दिवसापासून लोक विचारू लागले, "काय म्हंते गा हेड ऑफिस?" चिंधूभाऊंनी तो प्रश्न सरळ अर्थानं घेतला आणि सविस्तर उत्तर दिलं.

रोज संध्याकाळी साडेपाचला ते खुराड्यापुढं स्टूल टाकून बसत आणि एकेक कोंबडी उचलून तिच्या क्रमांकाच्या कप्प्यात ठेवत. मग हजेरीपटावर सही. सही अर्थात चिंधूभाऊच करत. पण कोंबडीच्या वतीनं करत. बारांपैकी नऊ कोंबड्या गुणी निघाल्या. मुंडी, लंगडी आणि चोरटी या तिघी मात्र सव्वापाचलाच पेरूच्या झाडावर चढून बसत. लंगडी ही एका पायानं अधू; पण हजेरी चुकवायची म्हटलं की तिचा पाय ठणठणीत व्हायचा. काठी झाली, कणीचं आमिष झालं. शेवटी चिंधूभाऊंनी तिघींच्या नावापुढं लाल शाईनं "गै" लिहायला सुरुवात केली, आणि आठव्या दिवशी झाडाखाली उभं राहून कारणे दाखवा नोटीस वाचली. चोरटीनं ती पूर्ण ऐकली आणि शेवटच्या ओळीला वरून जो काही अभिप्राय द्यायचा तो दिला. चिंधूभाऊंना आंघोळ करावी लागली.

होळी झाली, ऊन तापू लागलं आणि चार नंबरची ठिपकी सुस्तावली.

ठिपकी म्हणजे सगळ्यांत आज्ञाधारक. साडेपाचला स्वतःच्या पायांनी कप्प्यात जाणारी ती एकटी. तिचा लालभडक तुरा पांढुरका पडला, पंख गळाले, डोळे मिटून ती एका जागी उभी राहू लागली. तिच्यामागून सात नंबर, मग दोन नंबर. अंडी निम्म्यावर आली. सुमनबाई दारातून बघायच्या आणि आत जायच्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर चिंधूभाऊंना बरं वाटलं असतं.

सल्ले मात्र न मागता येऊ लागले. पहिला सल्ला भिंतीवरून आला. बायाबाई म्हणाल्या, "नजर लागली, भाऊ! साऱ्या गावाले बोलावून बोलावून खुराडा दाखवत होते, मी तवाच म्हनलं. सांगा तं मिरच्या उतरवून टाकतो."

"बायाबाई, आमच्या घरी नजर-बिजर चालत नाही. कोन्त्याबी गोष्टीले कारन अस्ते. कारन सापडलं पाह्यजे."

"मंग सापडवा ना! कोंबड्या का तुमच्या कारनासाठी थांबून राह्यतीन?"

मुरारी कारध्याहून आला आणि लसूण वाटून चारायला सांगून गेला. टपरीवाल्यानं हळद सांगितली, कुणी ताक सांगितलं, कुणी कडूनिंबाचा पाला. चिंधूभाऊंनी प्रत्येक सल्ला आवक वहीत चढवला. आणि आलेल्या कागदावर कार्यवाही न करता तो दाबून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. चार दिवसांत कोंबड्यांच्या पोटात लसूण, हळद, ताक आणि पाला असं सगळं गेलं. आता फक्त फोडणी द्यायची राहिली होती. ठिपकीनं पाचव्या दिवशी मान टाकली.

तेव्हा त्यांनी रंजूला बोलावलं. रंजू ही गावची पशुसखी. सरकारी प्रशिक्षण घेतलेली, शेळ्या-कोंबड्यांना लसी देणारी, वयानं त्यांच्या लेकीएवढी. तिनं कोंबड्यांचे पंख उचलून बघितले, पिसं फुंकून बघितली.

"काका, लस तं मीच देल्ली होती, मंग मानमोडी नाही वाटत. अंगावर उवा नाही, गोचीड नाही. जंत असतीन. भंडाऱ्याले जाऊन विष्ठा तपासून आना."

"अंगावर काही नाही, ते मलेबी मालूम हाये," चिंधूभाऊ म्हणाले. "मी रोज अकरा ते बारा भिंग घेऊन तपासनी करतो."

आणि ते खरं होतं. साडेदहाच्या आधी आणि साडेपाचच्या नंतर त्यांनी आयुष्यात कुठलीच तपासणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते ऑटोत बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत अकरा लिफाफे. प्रत्येकावर कोंबडीचा क्रमांक, दिनांक, वेळ आणि "नमुना सीलबंद" असा शेरा. उकाडा होता, ऑटोत नऊ माणसं होती. अर्ध्या वाटेवर येईपर्यंत बाजूच्या बाईनं पदर नाकाला लावला होता.

"काय नेऊन राह्यले वो, भाऊ?"

"सरकारी कामाचे कागद आहेत," चिंधूभाऊ म्हणाले. पुढचा सगळा रस्ता ती बाई सरकारी कामाकडे मोठ्या संशयानं बघत होती.

पशूंच्या दवाखान्यात खिडकीवरच्या तरुण कारकुनानं अर्ज पुढं सरकवला. पशुपालकाचं नाव झालं, पशूचा प्रकार झाला, मग आलं, "कानातील बिल्ला क्रमांक."

"कोंबडीले बिल्ला लावाले कान कुठं दिसते?" मागून एक बकरीवाला हसला.

हसणं चिंधूभाऊंना आवडलं नाही. फॉर्मची थट्टा त्यांना कधीच आवडत नसे. कारकून गोंधळून म्हणाला, "सर, सोडून द्या तो रकाना." यावर मात्र चिंधूभाऊ ताठ झाले. "रकाना रिकामा सोडता येत नसतो. उद्या तपासणी लागली तर उत्तर कोण देईल? 'लागू नाही' लिहा. खाली लघुस्वाक्षरी करा." कारकुनानं अकरा वेळा 'लागू नाही' लिहिलं, अकरा लघुस्वाक्षऱ्या केल्या आणि उठून त्यांना खुर्ची दिली. त्या महिन्यातला चिंधूभाऊंचा हा एकमेव चांगला क्षण.

डॉक्टर भले होते. नमुने बघून म्हणाले, "थोडे जंत आहेत, औषध देतो. पण एवढ्या जंतांनी तुरा पांढरा पडत नाही. कोंबड्यांचं रक्त कमी झालंय. ते कुठं तरी जातंय. कुठं जातंय ते शोधा."

हे वाक्य चिंधूभाऊंना फार लागलं. म्हणजे रक्ताची रोज जावक होत होती, त्यांच्या डोळ्यांदेखत होत होती आणि वहीत नोंद नव्हती!

घरी येऊन त्यांनी जंताचं औषध पाजलं, आणि आजारी कोंबड्यांना उन्हाचा त्रास नको म्हणून रात्रंदिवस खुराड्यातच मुक्काम दिला. हक्काची रजा, पूर्ण विश्रांती. सात नंबर तीन दिवसांत गेली. दोन नंबरला पायावर उभं राहता येईना.

सात नंबरला सुमनबाई काळी म्हणत. काळीला आंगणाच्या कोपऱ्यात पुरून त्या आल्या, हात धुतले आणि चिंधूभाऊंसमोर उभ्या राहिल्या.

"येत्या रविवारी रत्नाबाईले बोलावलं हाये." रत्नाबाई म्हणजे त्यांची कारध्याची बहीण. "उरल्या त्या कोंबड्या घेऊन जाईल ते."

"अवं, पन उपचार चालू हाये ना..."

"तुमच्या उपचारानं दोन गेल्या. दहा राह्यल्या. तिकडं गेल्या तं जगतीन तरी."

आता बघा, दहा कोंबड्या म्हणजे काही फार मोठं दफ्तर नव्हे. पण त्या गेल्या असत्या तर चिंधूभाऊंना सकाळी उठून जायला जागा उरली नसती. आणि दुसरं, त्याहून वाईट: सुमनबाईंनी त्यांच्या हाती काही सोपवलं ते पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ते त्यांनी मारून टाकलं, हे घरात कायमचं लिहिलं गेलं असतं. खोडता न येणाऱ्या शाईनं. शनिवारी ते जेवले नाहीत.

रविवारी सकाळी ते हजेरीपट घेऊन बसले. पदभार सोडायचा तर हस्तांतरणाची यादी करून, बेरजा मारून, सही-शिक्क्यानिशी सोडायचा. रत्नाबाईंना ती यादी कशाला हवी होती हा प्रश्न वेगळा. त्यांनी प्रत्येक कोंबडीचे हजर दिवस मोजले, समोर प्रकृतीचा शेरा लिहिला. चार नंबर: हजेरी पूर्ण. शेरा: मृत. सात नंबर: हजेरी पूर्ण, दोन दिवस कमी. मृत. दोन नंबर: हजेरी उत्तम. अत्यवस्थ. मुंडी: एकही दिवस हजर नाही. शेरा: ठणठणीत. लंगडी: एकही दिवस नाही. ठणठणीत. चोरटी...

चिंधूभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चोरटी समोरच कोंबड्याला टोचत होती. तिचा तुरा जास्वंदीसारखा लाल होता.

त्यांनी यादी पुन्हा वाचली. जी जितकी हजर, ती तितकी आजारी. चौतीस वर्षांच्या नोकरीत असला हजेरीपट त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी सायकलची जुनी तार उचलली, खुराड्यापुढं गुडघे टेकले आणि चार नंबरच्या कप्प्याच्या फटीत घालून फिरवली. बाहेर आले चपटे, करडे, मसुरीच्या डाळीएवढे किडे. एक त्यांनी चपलेखाली दाबला. मातीवर रक्ताचा डाग पडला.

"सुमन!" ते ओरडले. नावानं हाक मारायची त्यांची पद्धत नव्हती. सुमनबाई धावत आल्या. रत्नाबाई रिकामी टोपली घेऊन त्याच वेळी फाटकातून आत आली, बायाबाई भिंतीवर आल्या, कुणी तरी रंजूला बोलावून आणलं.

रंजूनं फटीत बघितलं आणि कपाळावर हात मारला. "गोचीड हायेत, काका! कोंबड्याइचे गोचीड. हे दिवसा अंगावर राह्यतच नाही. दिवसा लाकडाच्या फटीत लपते, अंधार पडला का बाहेर येऊन रक्त पेते, उजाडाच्या आत वापस. म्हनून तुमाले दिसलं नाही, मलेबी दिसलं नाही. वर्षभर उपाशी राह्यते, तरी मरत नाही. लाकूड कुठचं हाये?"

सगळ्यांना लाकूड कुठलं ते ठाऊक होतं. म्हणजे चिंधूभाऊंनी मुरारीच्या सायवानातून तीन पिढ्यांचे गोचीड आणून त्यांना बारा कप्प्यांची वसाहत बांधून दिली होती, आणि रोज साडेपाचला त्यांचं जेवण उचलून त्यांच्या दारात नेऊन ठेवत होते. विश्रांतीसाठी म्हणून आजारी कोंबड्यांना तर त्यांनी मुक्कामी पंगतीला बसवलं होतं.

"फवारा मारता येईल," रंजू हळूच म्हणाली. "फटी जाळाच्या बत्तीनं भाजून काढा लागतीन. मेहनत हाये, पन खुराडा वाचू शकते."

चिंधूभाऊंनी खुराड्याकडे बघितलं. मग सवयीनं पाच पावलं मागं गेले आणि पूर्ण आकार ध्यानात घेतला. एवढ्या देखण्या वस्तूवर त्यांचं नाव पुन्हा कधी लागणार नव्हतं, हे त्यांना समजत होतं.

"नाही," ते म्हणाले. "एकबी राह्यला तं पुन्हा वाढतीन. जाळून टाकू." आणि मग साऱ्यांदेखत सुमनबाईंकडे वळून म्हणाले, "चूक माही होती. तुह्या कोंबड्या मी मारल्या. बाकीच्या नोको पाठवू."

सुमनबाईंनी रत्नाबाईच्या हातातली टोपली घेतली आणि उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली.

खुराडं मोकळ्या वावरात नेऊन पेटवलं. सागवान चांगलं होतं, दोन तास जळलं. मुरारी सायकल मारत आला आणि राखेजवळ मान खाली घालून उभा राहिला. "लाकूड माहं होतं गा, चिंधूभाऊ."

"तुहं लाकूड चांगलंच होतं," चिंधूभाऊ म्हणाले. "लांबी मी भरली नाही."

रंजूनं सांगितलं तसं कोंबड्यांना औषधाची भुकटी चोळली, भिंतींना चुना मारला, आंगण खरवडून काढलं. दहाही कोंबड्या पेरूच्या झाडावर झोपू लागल्या. दोन नंबरला वर उडता येईना, तिच्यासाठी सुमनबाईंनी दारात टोपलं टांगलं. तीन आठवड्यांत तिच्या तुऱ्यावर लाली चढली आणि ती स्वतःहून फांदीवर गेली. अंडी परत सुरू झाली. कणीचं टोपलं मात्र आता सुमनबाईच उचलत. चिंधूभाऊंनी मागितलं नाही. मागायला तोंड कुठं होतं? ते ओसरीत बसून पेपर वाचत, आणि वाचून झाला की पुन्हा वाचत.

एका दुपारी ते जेवत होते. बाहेर बायाबाईंचा आवाज आला. भिंतीवरून नव्हे, फाटकातून, आणि काखेत कोंबडी होती.

"सुमनबाई, पाह्य वं माय, दोन दिवसापासून मान घालून बसली. तुरा पांढरा पडून राह्यला. का देऊ इले? लसून देऊ?"

"मले नोको इचारू," सुमनबाईंचा आवाज आला. "आमच्या घरी कोंबड्याइचं काम हेच पाहतेत. डाक्टरले नाही सापडलं, रंजूले नाही सापडलं, ते यायनं वही लिहून सापडवलं. दहा जीव वाचले माहे. थांब जराशी, जेवून राह्यले."

चिंधूभाऊंचा घास हातातच राहिला. पस्तीस वर्षांच्या संसारात सुमनबाईंनी त्यांची तारीफ चारचौघांत केली नव्हती, आणि चारचौघांत न करता एकांतात केली होती असंही नाही. त्यांनी ताट सरकवलं, हात धुतला न धुतला आणि बाहेर आले. कोंबडीचा तुरा बघितला, पापणी ओढून बघितली.

"रात्री झोपते कुठं ही?"

"घरातच. माह्या खाटेखाली."

"खाट लोखंडाची का लाकडाची?"

बायाबाईंना धोका उशिरा समजला. "लाकडाची... सागवान हाये. आन पाहा भाऊ, माह्या लग्नातली हाये, आंदनातली! जाळू नाही देनार!"

"जाळाचं मंग पाहू. आधी बाहेर काढा, उन्हात."

बायाबाई कोंबडी घट्ट धरून घराकडे पळाल्या, बहुतेक खाटेवर बसून राहण्यासाठी. चिंधूभाऊ चप्पल शोधू लागले. सुमनबाईंनी अंबाड्यातली पिन काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"खाटेच्या फटी बारीक अस्तेत," त्या म्हणाल्या. "चला, मीबी येतो."